मार खाणारीचा इशारा

आम्ही मुंबईहून बोलतोय, घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावरून. आम्ही अकरा जणी आहोत. कुणी साताऱ्याकडची, कुणी चिपळूणची, दोघी बीडच्या. बहुतेक जणी धुण्याभांड्याची नाहीतर पोळ्यांची कामं करतो. आणि दर रविवारी दुपारी आम्ही लाठी, लेझीम आणि नाटकातली मारामारी शिकतो. हसू आलं ना? आमच्याही घरी आलं होतं. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात मारामाऱ्या करणार का गं?"

सुरुवात झाली ती पथनाट्यापासून. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ साली आणलं. तेव्हापासून वस्तीतल्या बायकांनी बायकांसाठी नाटक करणं ही काही नवलाची गोष्ट राहिली नाही. आम्हीही एक छोटं नाटक बसवलं, दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याचं. नवरा झालेलीनं हात उगारला, बायको झालेली वेळेवर मागे सरकली नाही, आणि खरीच कानाखाली बसली. तिचा कान दोन दिवस वाजत होता. चूक आमचीच. शिवणकामसुद्धा शिकल्याशिवाय येत नाही, आणि आम्ही समजत होतो, नाटकातला मार काय, आपोआप येईल.

मग एक ताई शिकवायला मिळाल्या. त्या सिनेमात स्टंटचं काम करायच्या. गोरेगावची चित्रनगरी आमच्यापासून फार लांब नाही, पण आत काय चालतं ते आम्हाला कुठलं माहीत! ताईंनी सांगितलं, १९७५ च्या 'शोले'त बसंतीचा टांगा भरधाव सुटतो, तिथली धोक्याची कामं हेमा मालिनींच्या जागी रेश्मा पठाण नावाच्या बाईनं केली. पडद्यावर तिचं तोंड दिसत नाही. तो सिनेमा आम्ही सगळ्यांनी पाहिलेला, पण हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पहिला महिनाभर मारामारी नाहीच. नुसतं उभं राहायचं. पाय खांद्यांएवढे फाकवून, गुडघे किंचित वाकवून, वजन दोन्ही पायांवर सारखं. लेझीम खेळताना आपण असेच उभे राहतो, लाठी फिरवतानाही असंच. ताई म्हणायच्या, हे पाऊल जमलं की पुढचं सगळं जमतं. साडी काष्ट्यानं नेसा, म्हणजे पाय मोकळा होतो. हे काही आम्हाला शिकवायला नको होतं. भाताच्या लावणीला आमच्या आया तशाच चिखलात उतरायच्या.

मग पडायला शिकवलं. पडताना आपण तळहात टेकतो आणि मनगट मोडून घेतो. तसं करायचं नाही. आधी खाली बसल्यासारखं व्हायचं, मग पोटरी, मांडी, कुल्ला, पाठीची एक बाजू, असं एकेक अंग जमिनीला लावत जायचं. हनुवटी छातीशी, म्हणजे डोकं आपटत नाही. गुडघा, कोपर आणि माकडहाड यांवर कधी पडायचं नाही. आम्ही हे जुन्या गाद्यांवर शिकलो. आमच्यातली एकजण पावसात पायरीवरून घसरली तेव्हा अशीच पडली, आणि नुसत्या खरचटण्यावर निभावलं.

आता मुद्द्याचं सांगतो. नाटकातल्या मारामारीचा नियम असा, की मारणारी काहीच ठरवत नाही. मार खाणारी ठरवते. दोघींनी आधी एकमेकींच्या डोळ्यांत बघायचं. मार खाणारीनं मान हलवून इशारा दिला तरच हात उठणार. केस ओढायचे असले, तर मारणारीनं मूठ नुसती डोक्यावर ठेवायची, केस धरायचेच नाहीत. जिचे केस ओढले जातात, ती आपल्या दोन्ही हातांनी तिचं मनगट धरून डोक्याशी दाबून ठेवते आणि स्वतःच चालते. बघणाऱ्याला वाटतं, हिला फरफटत नेलं. खरं तर तीच नेत असते.

आमच्यातली एकजण होती. नाव सांगत नाही. समोरचीनं नुसता हात वर केला की ती डोक्यावर हात घेऊन खाली बसायची. आम्ही कुणी काही विचारलं नाही. वस्तीत घरं लागून असतात, सगळ्यांना माहीत होतं. ताईंनी तिला नाटकातून काढलं नाही. म्हणाल्या, "तू इशारा देईपर्यंत कुणी हात हलवायचा नाही." ती उभी राहायची, समोरची बघत राहायची, ती मान हलवायची नाही, आणि समोरची हात खाली घ्यायची. तीन रविवार हेच. आम्हाला वाटायचं, वेळ फुकट चाललाय. चौथ्या रविवारी तिनं मान हलवली. हात आला, ती सरकली, तिनं आपल्याच मांडीवर थाप मारून आवाज काढला आणि पडली, अगदी शिकवल्यासारखी. मग उठून म्हणाली, "परत."

एक अडचण मात्र राहिली. थापेची ही युक्ती लोक समोर बसले असतील तरच चालते. पथनाट्याला लोक चारही बाजूंनी असतात, कुठून तरी मधली फट दिसतेच, आणि पोरं ओरडतात, "लागलंच नाही!" तेव्हा आम्ही मार लपवणंच सोडून दिलं. आता नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या टोकाला, मध्ये दहा पावलं. तो हात फिरवतो, सगळ्या जणी लेझीम एकदम आपटतात, आणि तिकडे ती पडते. हे खऱ्यापेक्षा जास्त अंगावर येतं. एका खेळात मागे उभे असलेले दोन पुरुष उठून गेले.

लाठी शिकलात म्हणजे घरातला मार थांबेल, असं कुणी सांगत असेल तर त्यावर फार विसंबू नका. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे आणि १८१ हा फोन आहे. नाटक संपलं की आम्ही तो नंबर मोठ्यानं सांगतो.

आणि वयाचं म्हणाल, तर पुण्याच्या शांताबाई पवार आठवा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी त्या रस्त्यावर दोन काठ्या गरागरा फिरवत होत्या. लहानपणापासूनचा डोंबाऱ्याचा खेळ तो. पोटासाठी फिरवत होत्या, हेही विसरू नका.

तुमच्या गावात शाळेच्या खोलीत लेझिमी असतीलच. आमच्याही उसन्या आहेत, जवळच्या शाळेच्या. २६ जानेवारीच्या कवायतीसाठी त्या परत द्यायच्या आहेत, म्हणून त्याच्या आत दोन खेळ उरकायचे आहेत. पहिला येत्या रविवारी, मुलुंडला. बायकोचं काम तीच करणार आहे.