आपल्या नदीतील मासे



आपण पुणेकर मुळा-मुठेच्या काठी राहतो. काठावरच्या झाडावर बसलेला पक्षी आपल्यापैकी पुष्कळांना ओळखता येतो. पण त्याच काठाखालच्या पाण्यात कोण राहते असे विचारले, तर आपले उत्तर 'मासा' या एका शब्दावर थांबते. भोयाला किंवा कोळ्याला विचारा. तो दहा-वीस नावे सहज सांगेल. ही नावे केवळ बोलीतली नाहीत, शास्त्रातलीही आहेत. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली. त्यांतील पुष्कळांना त्याने इथल्या मासेमारांच्या तोंडचीच नावे दिली. 'मुल्या', 'फुलंगी', 'कोलस', 'नुक्ता', 'ताक्री' ही नावे आज जगभरच्या ग्रंथांत लॅटिनच्या पंक्तीला बसली आहेत. ज्याला आपण खडस किंवा महसीर म्हणतो, त्याचे 'खुद्री' हे नावही त्यांतलेच, आणि त्याचे पहिले वर्णन झाले ते आपल्या मुळा-मुठेतल्या माशावरून.

मग मासा ओळखावा कसा? प्रथम अंगावर खवले आहेत की नाहीत ते पाहावे. खवले नाहीत आणि तोंडाभोवती लांब मिशा आहेत, तर तो शिंगटी-शिवड्याच्या कुळातला. अंग सापासारखे लांब, पाठीवर सुट्या काट्यांची रांग आणि मुस्कट निमुळते, तर ती वाम. डोके सापासारखे चपटे आणि पाठीवरचा पर जवळजवळ शेपटीपर्यंत गेलेला, तर तो मरळ किंवा त्याचा धाकटा भाऊ डोकऱ्या. खवले मोठमोठे, ओठ जाड आणि मिशांच्या दोन आखूड जोड्या, तर तो महसीर.

यानंतर तोंड पाहावे. माशाचे तोंड त्याचे घर आणि त्याचे अन्न दोन्ही सांगते. कटल्याचे तोंड वर वळलेले. तो पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो. मृगळाचे तोंड खाली; तो तळाशी चरतो. रोहू या दोघांच्या मधल्या थरात असतो. मळ्याच्या तोंडाखाली तर चक्क चकती असते. तिच्या जोरावर तो धो धो वाहत्या ओढ्यात दगडाला चिकटून राहतो आणि शेवाळ खरवडून खातो. एकाच डोहात इतके मासे नांदतात ते अशी वाटणी असल्यामुळे.

माशांवरून पाण्याची प्रकृतीही कळते. महसिराला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि वाळू-गोट्यांचा तळ लागतो. मरळ मात्र पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतो. म्हणूनच बाजारात तो पाटीत जिवंत दिसतो. ज्या नदीत महसीर आणि मळ्या नाहीसे होऊन हवा पिणारे मासे आणि चिलापीच तेवढी उरली, त्या नदीचा दम कोंडला आहे असे समजावे. त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही. मासे विकणाऱ्या बाईची पाटी पाहिली तरी पुरते.

आता उपयोगाविषयी. मासा हे गरिबाचे सकस अन्न आहे. डासांच्या अळ्या खाणारे लहान मासे आहेत, तसेच शेवाळ आणि कुजका पाला खाऊन पाणी निवळ ठेवणारेही आहेत. पण उपयोगाच्या नावाखाली आपण घाईही फार केली. १० जुलै १९५७ रोजी कटकला डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. त्यामुळे रोहू-कटल्याचे बीज तळ्यातळ्यांत पोहोचले. हा मोठा लाभ, यात शंका नाही. पण रोहू-कटला मूळचे गंगेकडचे. तळ्यात ते शोभतात, म्हणून प्रत्येक नदीत ओतावेत असे नाही. चिलापी आफ्रिकेतून १९५२ साली भारतात आणली गेली. तिची मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा वितेे. एकदा नदीत शिरली की तिला हुसकावणे कठीण. इतकेच काय, आपला महसीरही परक्या ठिकाणी उपरा ठरतो. लोणावळ्याला वाढवलेल्या महसिराची पिल्ले दक्षिणेत कावेरीत सोडण्यात आली. तिथला स्वतःचा कुबडा महसीर आज नामशेष होण्याच्या काठावर आहे आणि त्याच्या ऱ्हासाला हे पाहुणेही कारण झाले, असे अभ्यासक सांगतात. हेतू चांगला असला तरी नदी हेतू पाहत नाही.

आपल्या पूर्वजांनी काही डोह देवाला वाहिले. महाडजवळचे वाळणकोंड, वाडा तालुक्यातले वैतरणाकाठचे तिळसे येथे माशांना कोणी हात लावीत नाही. ही श्रद्धा जाळ्याला अडवते. सांडपाण्याला अडवू शकत नाही. तेवढे काम आपले आहे.

आता महिन्या-दीड महिन्यात मृगाचा पाऊस येईल. पहिल्या लोंढ्याबरोबर अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध ओढ्या-ओहोळांत चढू लागतील. कोकणात याला वलगण म्हणतात. चढणीचा मासा पकडणे सोपे आणि चवीला उत्तम; पण एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात, आणि तिला घातलेला हात पुढच्या वर्षीच्या नदीला घातलेला असतो. भोई-कोळ्यांचे पोट त्यावर आहे, त्यांना मी उपदेश करणार नाही. बारमाही पाणी स्वच्छ राहिले तर त्यांना चढणीच्या चार दिवसांवर विसंबावे लागणार नाही. पण हौसेखातर पोती भरणाऱ्या आपल्यासारख्या शहरी मंडळींनी तेवढे दिवस हात आवरावा, आणि घरातल्या काचेच्या पेटीतला नकोसा मासा पुलावरून नदीत सोडू नये, एवढी माझी विनंती आहे.

नदीतल्या पाच माशांची नावे या पावसाळ्यात शिकून घ्या. ज्याचे नाव ठाऊक असते, तो नाहीसा झाला तर निदान चुकल्यासारखे वाटते.