पहिलीच्या उंबऱ्यावरचा शिक्षक : स्वागताध्यक्षीय भाषण

पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायचे तर महाराष्ट्रात बारावीनंतर दोन वर्षांची प्राथमिक शिक्षणशास्त्र पदविका, म्हणजे डी.एल.एड., पूर्ण करावी लागते. जुन्या पिढीच्या तोंडी ती अजून डी.एड.च आहे. काही वर्षे बी.एड. झालेल्यांनाही या वर्गांवर नेमणुकीची मुभा होती. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2023 च्या निकालाने ती काढून घेतली. लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे असते आणि ते वेगळेच शिकावे लागते, हे त्या निकालात मान्य झाले.

पदविका हातात आली की शिक्षक पात्रता परीक्षा येते. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2010 च्या अधिसूचनेने ती सक्तीची झाली आणि महाराष्ट्रात 2013 पासून घेतली जाऊ लागली. पहिली ते पाचवीसाठीच्या पहिल्या पेपरात 150 प्रश्न असतात आणि ते अडीच तासांत सोडवायचे असतात. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी 30 गुण असून उत्तीर्ण होण्यास 60 टक्के, तर राखीव प्रवर्गांना 55 टक्के लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ही परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे भाग पडले. पात्रता परीक्षेनंतर 200 गुणांची अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, पवित्र पोर्टलवरची निवड आणि तीन वर्षांचा शिक्षणसेवकाचा काळ. प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन 2023 मध्ये 6,000 वरून 16,000 रुपये झाले.

कागदावरची वाट इथे संपते. उमेदवारांचा बराचसा काळ मात्र याच कागदासाठी खर्च होतो. सराव प्रश्नपत्रिका सोडवता सोडवता पदविकेतला सर्वांत मोलाचा भाग, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष घालवलेला छात्रसेवाकाळ, उरकून टाकण्याची गोष्ट होऊन बसतो. ही मोठी हानी आहे आणि पेण-रोहा परिसरात ती ठळकपणे दिसते.

पेणच्या खारेपाटात मूल घरी आगरी बोलते. 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' येतो तो त्या बोलीच्या नियमाने. त्यात मुलाची चूक काहीच नसते. शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात दर शब्दाला टोकले तर मूल बोलायचेच थांबते, आणि बोलते मूल गप्प झाले की वाचन-लेखनाचा पायाच निखळतो. डोंगराकडच्या वाड्यांवरचा प्रश्न याहून कठीण आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर निघतात व पावसाच्या तोंडावर परततात. जूनमध्ये पहिलीत बसलेले मूल नोव्हेंबरात पटावर असते, वर्गात नसते. शिक्षणहमी पत्रकाने ते दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकते. पण अर्ध्यात आलेल्या मुलाला वर्गात कसे सामावून घ्यायचे, ते कुठवर शिकले आहे हे कसे ओळखायचे, हे शिक्षकालाच यावे लागते. त्यातही शाळा द्विशिक्षकी असली की एका खोलीत दोन-तीन इयत्ता एकदम सांभाळाव्या लागतात. चार पर्यायांतून एक निवडून हे कसब येत नाही. अनुभवी गुरुजींच्या वा बाईंच्या वर्गात मागे बसून, पाहून, पाठ घेऊन, फसून, पुन्हा घेऊन ते अंगी मुरते.

पहिलीच्या आधीच्या वयाची तयारी आणखी मागे राहिली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. व्यवहारात मात्र त्यातली पहिली तीन वर्षे अंगणवाडीत, महिला व बालविकास खात्याकडे, आणि पुढची दोन शाळेत, शिक्षण खात्याकडे जातात. अंगणवाडी सेविका आणि पहिलीच्या बाई एकाच गावात राहूनही एकमेकींचे काम क्वचितच पाहतात. पूर्वप्राथमिक शिक्षकांसाठी दोन वर्षांची वेगळी पदविका आहे, पण गावोगावचा भार सेविकाच वाहतात. आहार, लसीकरण आणि नोंदवह्या सांभाळून त्या मुलांना गाणी-गोष्टीही देतात, याबद्दल त्यांना मिळतो त्याहून कितीतरी अधिक मान मिळायला हवा.

या कामाचा उत्तम नमुना कोकणच्याच उत्तर टोकाला आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. 1957 मध्ये काम कोसबाडला हलले. तिथे गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या माँटेसोरी साधनांच्या जागी बिया, शंख-शिंपले, पाने, माती आली. शिक्षिकांचे प्रशिक्षणही या मुलांमध्ये राहूनच होत असे.

पेणला अशी साधने शोधत हिंडावे लागणार नाही. हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांभोवती वाढणाऱ्या मुलांची बोटे शाडूला सरावलेली असतात. पेन्सिल धरण्याआधी बोटांना लागणारी ताकद याच मळण्या-वळण्यातून येते. विनोबांचे जन्मगाव गागोदे याच तालुक्यात आहे. हातचे काम आणि शिक्षण एकमेकांपासून तोडू नये, हा नयी तालीमचा आग्रह त्यांनीही धरला. रोह्यात भातशेती, कुंडलिकेचा काठ आणि धाटावची औद्योगिक वसाहत शेजारी-शेजारी आहेत. परिसर अभ्यासाला याहून भरलेले पुस्तक मिळणे अवघड.

पेण आणि रोह्याच्या वतीने सर्व प्रतिनिधींचे, अध्यापकाचार्यांचे, सेविकांचे आणि छात्राध्यापकांचे या परिषदेत मनःपूर्वक स्वागत आहे. यजमानांची एकच विनंती आहे. परिषदेने जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे आणि अध्यापक विद्यालयांकडे असा आग्रह धरावा, की प्रत्येक छात्राध्यापकाने छात्रसेवाकाळातले काही आठवडे अंगणवाडीत आणि काही आठवडे वाडीवरच्या शाळेत घालवावेत, आणि त्या दिवसांचे मूल्यमापन पाठटाचणाच्या वहीवरून न करता मुलांशी जुळलेल्या बोलण्यावरून व्हावे.