भिंतीतला चुना



मोसंबीच्या राशीत हात घातला आणि बोट अचानक एखाद्या फळात शिरलं, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. वरून फळ पिवळंधमक, बुरशीचा पत्ता नाही. पण बोट लागताच गिळगिळीत. हे कसं होतं, ते आज सांगायचं आहे.

पाथरी तालुक्यात कालव्याच्या पाण्यावर आमची मोसंबीची बाग होती. शाळेत असताना आंबे बहाराच्या तोडणीला मीही जात असे. एका वर्षी ट्रक भरायची घाई होती. मी कात्री बाजूला ठेवली आणि फळं ओढून तोडू लागलो. काही खाली पडली, तीही पुसून रचली. माल मुंबईला पोचला आणि आडत्याचा निरोप आला, 'माल नासला.' आबांना ते पटलं नाही. भाव पाडायला केलेला बनाव, असंच ते वर्षानुवर्षं म्हणत राहिले. त्या साली पीककर्ज फिटलं नाही.

पुढे वनस्पतिशास्त्र शिकताना मला उलगडा झाला. जुन्या वाड्याच्या भिंतीत चिऱ्यांना धरून ठेवतो तो चुना. फळाच्या पेशींनाही असाच एक पदार्थ जोडून ठेवतो. त्याचं नाव पेक्टिन. जॅम घट्ट होतो तो याच्यामुळेच. मोसंबीवर हिरवी बुरशी येते, तिचं शास्त्रीय नाव पेनिसिलियम डिजिटॅटम. तिला दात नाहीत, नखं नाहीत. ती काही विकरं, म्हणजे एन्झाइम, बाहेर सोडते. ही विकरं पेक्टिनच्या लांब साखळ्या तोडतात. चिरे जागेवर असतात, पण चुना विरघळतो आणि भिंत ढासळते. सुटलेली साखर बुरशीचं अन्न होते. शिवाय ती आम्लंही सोडते, त्यामुळे विकरांचं काम आणखी सोपं होतं.

हे विकरांचं काम आहे, हे जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी 1886 मध्येच ओळखलं होतं. बुरशीने सडवलेल्या गाजरांच्या रसाने निरोगी गाजराच्या पेशी सुट्या होत. तोच रस उकळला की त्याची ताकद जाई. गंमत म्हणजे, दुसऱ्या एका बुरशीपासून काढलेली अशीच विकरं आज कारखान्यांत फळांचा रस नितळ करायला वापरतात.

विकरं बुरशीच्या धाग्यांच्या पुढे पसरतात. म्हणून फळ आधी मऊ पडतं. पांढरी आणि मग हिरवी बुरशी नंतर दिसते. नासका भाग कापून उरलेलं फळ खाऊ नये.

पण मंडळी, खरी गोष्ट पुढेच आहे. ही बुरशी धडधाकट सालीतून आत शिरू शकत नाही. तिला जखम लागते. ओढून तोडलेल्या फळाचं देठ उपटतं, तिथे एक दार उघडतं. नखाचा ओरखडा, पडल्याचा मार, शेजारच्या फळाच्या लांब देठाची टोचणी, ही तिची दुसरी दारं. बीजकण तर बागेत, क्रेटमध्ये, हवेत सगळीकडे असतातच.

म्हणून फळ कात्रीनेच तोडा आणि देठ सालीलगत कापा. दवाने ओलं असताना तोडणी करू नका. खाली पडलेलं फळ वेगळं ठेवा. नासलेली फळं बांधावर न टाकता लांब नेऊन पुरा. याला औषध लागत नाही, थोडा वेळ लागतो.

हे सगळं मी एकदा आबांना सांगितलं, आणि त्या वर्षीच्या तोडणीचंही कबूल केलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'म्हंजी आडत्या खरं बोलत व्हता तर!'

पुढच्या तोडणीला त्यांनी सगळ्यांत आधी माझ्या हातात कात्री दिली.