आकाशाकडे लक्ष ठेवा



परवा रात्री घरी बसून एक जुना चित्रपट पाहत होतो. मंगळावरची यंत्रं कॅलिफोर्नियात उतरली आहेत, आग ओकत पुढे सरकताहेत आणि लोक सैरावैरा पळताहेत. मी अगदी रंगून गेलो होतो. तेवढ्यात शेजारी बसलेला नातू खो खो हसत सुटला. म्हणाला, "आजोबा, त्या बघा दोऱ्या! यंत्रं दोऱ्यांना टांगलीत!" बघतो तो काय, दोऱ्या खरंच दिसत होत्या.

हसू मलाही आलं. पण मनात आलं, १९५३ साली थिएटरात बसलेल्या मुलांना या दोऱ्यांचं हसू का आलं नसेल? जुन्या प्रतींत त्या इतक्या ठळक दिसत नसत, हे खरं. पण तेवढंच कारण नव्हे.

याचं उत्तर मला एका माहितीपटात सापडलं. रिचर्ड शिकेल या अमेरिकन चित्रपट-समीक्षकांनी २००५ साली तो तयार केला. नाव 'वॉच द स्काइज', म्हणजे 'आकाशाकडे लक्ष ठेवा'. १९५१ सालच्या 'द थिंग' या चित्रपटाच्या शेवटी एक वार्ताहर रेडिओवरून जगाला अशीच सूचना देतो, तिच्यावरून हे नाव आलं. आपलं रेडिओचं नातं तिथंही आहे बरं का! या माहितीपटात स्पीलबर्ग, ल्यूकस, रिडली स्कॉट आणि जेम्स कॅमेरॉन हे चार नामवंत दिग्दर्शक १९५० ते ६० या दशकातल्या विज्ञानपटांविषयी बोलतात. बोलताना ते पुन्हा लहान होतात, हीच त्यातली गंमत.

ते दिवस कसे होते पाहा. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली. १९४७ साली अमेरिकेत 'उडत्या तबकड्यां'ची आवई उठली. १९४९ साली रशियानंही अणुबॉम्बचा स्फोट केला. मग अमेरिकेतल्या शाळांतून मुलांना बाकाखाली दडून बसण्याची कवायत शिकवू लागले. सकाळी बाकाखाली बसलेलं मूल संध्याकाळी थिएटरात जाऊन बसलं, की त्याला दोरी कशी दिसणार? त्याची भीती त्यानं घरूनच आणलेली असे.

हे ध्यानात ठेवलं, की एकेका चित्रपटाचा अर्थ उलगडत जातो. 'देम!' या १९५४ सालच्या चित्रपटात न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात राक्षसी मुंग्या निघतात. कुठून आल्या म्हणाल, तर पहिल्या अणुस्फोटाच्या किरणांतून! 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' हा १९५१ सालचा. त्यात परग्रहावरचा पाहुणा वॉशिंग्टनला उतरतो, तो माणसांना बजावायला. आपलं सामर्थ्य दाखवण्यासाठी तो अर्धा तास साऱ्या जगाची वीज बंद पाडतो. पण इस्पितळं आणि आकाशातली विमानं तेवढी वगळतो. आणि आपण काय करतो? तो उतरल्या उतरल्या आपला शिपाई त्याला गोळी घालतो. यात रानटी कोण, हे सांगायलाच नको.

१९५६ सालचा 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' याहून बिकट. त्यात शेंगांतून माणसांच्या हुबेहूब प्रतिमा निपजतात. शेजारी तोच, चेहरा तोच. पण आत माया नाही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा संशय घ्यावा, असाच तो काळ होता. निर्मात्यांना मूळचा शेवट फार काळा वाटला, म्हणून पुढे-मागे प्रसंग जोडून त्यांनी थोडी आशा चिकटवली.

माहितीपटाचा भर अमेरिकेवर आहे. मला मात्र जपानची आठवण झाल्यावाचून राहवत नाही. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर अमेरिकेनं हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची राख एका जपानी मच्छीमार बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांतला रेडिओ-चालक सप्टेंबरात दगावला. आणि नोव्हेंबरात 'गोजिरा' पडद्यावर आला, तोच आपण ज्याला 'गॉडझिला' म्हणतो तो. रबरी पोशाखातला प्राणी म्हणून आज कुणी हसेल. पण तो चित्रपट सुरू होतो, तो समुद्रात भस्म होणाऱ्या एका जहाजापासून. जपानी प्रेक्षकाला ते जहाज कुठलं, हे वेगळं सांगावं लागलं नसेल.

केवळ भीतीच होती असं मात्र नाही. १९५० सालच्या 'डेस्टिनेशन मून'मध्ये माणूस अग्निबाणात बसून चंद्रावर गेला, तो खराखुरा तिथं पोचण्याच्या १९ वर्षं आधी. त्याच आकाशातून धाकही वाटे आणि त्याच आकाशाची ओढही लागे.

नातवाला मी हे सारं थोडक्यात सांगितलं. ज्या मंगळवासीयांवर अणुबॉम्बही चालत नाही, ते शेवटी साध्या सूक्ष्म जंतूंनी मरतात, तिथवर आम्ही चित्रपट पाहिला. दोऱ्या दिसतच होत्या. पण तो आता हसत नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, "आजोबा, ते बॉम्ब अजून आहेत?"

मी म्हटलं, "आहेत."

त्यावर तो काही बोलला नाही. उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.