सभागृह बंद, परिषद चालू
(ग्रामीण आरोग्य प्रचारवर्गात दिलेल्या भाषणाचा सारांश)



साथीच्या काळात जत्रा, लग्नकार्ये आणि सप्ताह आवरते घ्या, असे सांगण्याचे अप्रिय काम प्रसिद्धी खात्याकडे येते. त्या वेळी श्रोत्यांच्या मनात एक रास्त प्रश्न उभा राहतो, तो असा की, आम्हांला उपदेश करणारे स्वतः काय करतात? कोविडच्या आरंभी, २०२० साली, हा प्रश्न खुद्द नामवंत वैद्यकीय तज्ज्ञांपुढेच उभा राहिला. त्यांनी कृतीने दिलेले उत्तर आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

एचआयव्ही आणि तत्सम विषाणूंवर संशोधन करणाऱ्या तज्ज्ञांची एक परिषद १९९३ पासून भरत आली आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'क्रॉय' म्हणतात. देशोदेशींचे सुमारे चार हजार तज्ज्ञ तीस येतात. २०२० ची परिषद ८ ते ११ मार्च या दिवसांत अमेरिकेतील बोस्टन शहरी व्हावयाची होती. परंतु ६ मार्च रोजी, अवघे दोन दिवस उरले असता, आयोजकांनी प्रत्यक्ष मेळावा रद्द करून संपूर्ण कार्यक्रम इंटरनेटवरून पार पाडण्याचे ठरविले. परिषदेस येणाऱ्यांपैकी अनेक जण रुग्णसेवा करणारे होते. त्यांना संसर्ग झाला असता, तर तो रुग्णालयांत पोचला असता, आणि साथीशी झुंजणारे हातच अंथरुणाला खिळले असते.

ही भीती अनाठायी नव्हती. त्याच बोस्टनमध्ये २६ आणि २७ फेब्रुवारीस एका औषध कंपनीची बैठक झाली होती. उपस्थिती सुमारे १७५ जणांची. १० मार्चपर्यंत मॅसॅच्युसेट्स राज्यात जे ९२ रुग्ण आढळले, त्यांपैकी ७० जणांचा संबंध त्या एका बैठकीशी असल्याचे दिसून आले. ६ मार्चला हे चित्र पूर्णपणे उघड झाले नव्हते. तरीही पुराव्याची वाट न पाहता तज्ज्ञांनी सावधगिरीचा मार्ग पत्करला.

परिषद मात्र थांबली नाही. वक्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे बोलले. कोविडवर खास सत्र घेण्यात आले. त्यात चिनी तज्ज्ञांनीही आपले अनुभव सांगितले, आणि ते सत्र सर्वांना पाहण्यास खुले ठेवण्यात आले. भारतासह नऊ देशांतील ६४३ एचआयव्हीबाधित गर्भवती स्त्रियांवरील अभ्यासाचे निष्कर्षही याच परिषदेत मांडले गेले. डोल्युटेग्राविर या औषधावर आधारित उपचार घेणाऱ्या स्त्रियांपैकी अधिक जणींमध्ये प्रसूतीच्या वेळी विषाणू काबूत असल्याचे त्यांवरून दिसले. परिषद वर्षभर लांबणीवर पडती, तर असे ज्ञान तज्ज्ञांच्या या व्यासपीठावर येण्यास विलंब झाला असता. परिषदेच्या अखेरच्या दिवशीच, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जागतिक महासाथ असल्याचे घोषित केले.

या पद्धतीत काही गमावलेही. समोरासमोरची शंका, चहापानाच्या वेळी जुळणारा परिचय आणि नवोदित संशोधकाच्या पाठीवर पडणारी ज्येष्ठांची थाप यंत्रातून मिळत नाही. म्हणूनच २०२१ आणि २०२२ च्या परिषदा दुरूनच पार पाडल्यानंतर २०२३ मध्ये हे तज्ज्ञ सिअ‍ॅटल येथे पुन्हा एकत्र जमले. मात्र दुरून सहभागी होण्याची सोय त्यांनी कायम ठेवली. प्रवासखर्च न परवडणाऱ्या दूरच्या डॉक्टरासही त्यामुळे ज्ञानाचे दार उघडे राहिले.

आपल्या देशातही हाच मार्ग अनुसरण्यात आला. १३ एप्रिल २०२० रोजी 'ई-संजीवनी'ची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली, आणि घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला घेणे शक्य झाले. अर्थात, जेथे मोबाईलची रेंज पोचत नाही, किंवा वृद्धांना यंत्र हाताळता येत नाही, तेथे ही सोय नावापुरतीच राहते. ही उणीव भरून काढण्यास शिक्षक, पंचायत सदस्य आणि तरुण कार्यकर्ते यांचे साहाय्य अत्यावश्यक आहे.

पुन्हा कधी साथ उद्भवलीच, तर प्रत्येक समारंभाविषयी दोन प्रश्न विचारावेत: यातील अत्यावश्यक कार्य कोणते, आणि ते गर्दीवाचून साधेल काय? मंडप एक वर्ष उभा राहिला नाही, तरी परंपरा मोडत नाही. माणसे सुखरूप असली, की मंडप पुढील वर्षी पुन्हा उभारता येतो. हा विचार आपण घरोघरी पोचवावा, अशी नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.