भर समुद्रातून खुशालीचा निरोप

जहाजाच्या सहलीला निघालेली मंडळी हल्ली एक प्रश्न हटकून विचारतात : 'तिथे आमचा मोबाइल चालेल ना?' प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. फोन चालतो, परंतु तो कोणाच्या वाटेने चालतो, यावर सारे अवलंबून असते. हातातला फोन तोच, त्यातले नंबर तेच. पण आपला निरोप ज्या वाटेने घरी जावयाचा ती वाट किनाऱ्याजवळ एक, भर समुद्रात दुसरी, आणि जहाजावरच्या वायफायची तिसरी. या तीन वाटा ओळखता आल्या म्हणजे खिशाला चाट बसत नाही, आणि मागे राहिलेल्या माणसांच्या जिवाला घोरही लागत नाही.

मुंबईहून गोव्याकडे किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सहलीच्या जहाजाचे उदाहरण घ्या. जहाज धक्क्याला लागलेले असते तेव्हा तुमचा फोन शहरातल्याच टॉवरशी बोलत असतो. जहाज सुटते, कुलाब्याचे दिवे मागे पडतात, आणि फोनवरच्या रेघा एकेक करून कमी होऊ लागतात. याला कारण आहे. रेडिओच्या या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी तर गोल आहे. शिवाय जुन्या जीएसएम पद्धतीच्या टॉवरची नेहमीची मर्यादाच सुमारे ३५ किलोमीटरची. तेव्हा किनारा दृष्टीआड झाला की काही वेळाने त्याचा टॉवरही दुरावतो. कोकणच्या बाजूने जाताना जहाज किनाऱ्याच्या जवळ आले तर फोन मध्येच जागा होतो, दोनचार निरोप एकदम येऊन पडतात, आणि पुन्हा सारे शांत. ही झाली पहिली वाट. ही आपल्या ओळखीची, आणि जहाज आपल्याच देशाच्या किनाऱ्याजवळ असेल तर नेहमीच्याच खर्चाची.

आता दुसरी वाट. मोठ्या सहलीच्या जहाजांवर पुष्कळदा जहाजाचे स्वतःचे छोटे टॉवर बसविलेले असतात. किनाऱ्यावरच्या यंत्रणेत ढवळाढवळ नको म्हणून बंदरात ते बंद ठेवतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर दूर गेल्यावर ते सुरू करण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. एवढे झाले की फोनवर रेघा पुन्हा दिसू लागतात. प्रवाशाला वाटते, वा, किनारा जवळ आला! प्रत्यक्षात किनारा दूर गेलेला असतो. फोनने कोणालाही न विचारता जहाजाच्या टॉवरशी सलगी केलेली असते. कंपनीच्या नावाच्या जागी 'सेल्युलर ॲट सी' असे काही नाव किंवा ९०१ ने सुरू होणारा आकडा दिसला, तर समजावे की आपण आता कोणत्याही देशाच्या टॉवरवर नाही. ९०१ हा आकडा कोणा एका देशाचा नसून अशा आंतरराष्ट्रीय सेवांसाठी राखून ठेवलेला आहे.

खरी गोम आहे ती इथे. हा टॉवर तुमचे बोलणे उपग्रहाकडे पाठवितो आणि उपग्रह ते जमिनीवर उतरवितो. तो खर्च तुमच्याकडून वसूल होतो. नेहमीची रोमिंगची योजना देशांसाठी असते; जहाजाचा टॉवर तीत बहुधा बसत नाही. युरोपातल्या देशांनी १५ जून २०१७ पासून आपसातला रोमिंगचा जादा आकार काढून टाकला, पण ती सवलतसुद्धा जमिनीवरच्या टॉवरपुरतीच. जहाजावरच्या उपग्रहाच्या सेवेला ती लागू नाही. आणि खर्च होण्यासाठी तुम्ही फोन उचललाच पाहिजे असंही नाही. खिशात पडल्या पडल्या तो फोटो साठवणीला पाठवितो, टपाल तपासतो, निरनिराळ्या ॲपची नवी आवृत्ती उतरवून घेतो. घरी हे कामसू नोकरासारखे वाटते; समुद्रावर मात्र हाच नोकर मालकाला न विचारता उधारी करून ठेवतो.

साध्या एसएमएसचाही एक हिशेब आपल्या मराठी माणसाने ध्यानात ठेवावा. इंग्रजी अक्षरांत लिहिले तर एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीत लिहिले की साधारणपणे ७० च जागा मिळतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, इतकेच काय, शब्दांमधली मोकळी जागासुद्धा त्यात धरतात. 'मी सुखरूप आहे. उद्या सकाळी गोव्यात पोहोचू. काळजी करू नका.' एवढ्यानेच ५७ जागा भरल्या! याहून लांबण लावले तर संदेशाचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे पडतात. तारेच्या काळात आपले वडीलधारे शब्द मोजून मजकूर लिहीत. समुद्रावर ती सवय अजूनही उपयोगी पडेल.

तिसरी वाट वायफायची, आणि सहलीच्या प्रवाशाला हीच बरी. जहाज सुटण्यापूर्वी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा आणि मग त्यातले वायफाय तेवढे चालू करावे. नुसते डेटा रोमिंग बंद करून भागत नाही. कारण कॉल आणि एसएमएस यांची वाट त्याने उघडीच राहते. जहाजाची कंपनी वायफाय दिवसावर किंवा सबंध सफरीवर विकते. कोठे नुसत्या निरोपांपुरते, तर कोठे चित्रपट पाहण्याइतके. जे घ्यावयाचे ते आधीच चौकशी करून घ्यावे. केबिनच्या भिंती पोलादी असतात. केबिनमध्ये वायफाय रडतराऊत चालले, तर दारापाशी किंवा बाहेर येऊन पाहावे.

या वाटेत एक खड्डा मात्र आहे. एअरप्लेन मोडवर साधा एसएमएस बहुधा येत नाही, आणि आपल्या बँकांचा ओटीपी तर एसएमएसनेच येतो. व्हॉट्सॲप चालते, पण ओटीपी येत नाही, आणि ऐन वेळी पैसे भरता येत नाहीत अशी तऱ्हा होते. काही कंपन्या वायफायवरून एसएमएस पोहोचवितात. आपली पोहोचविते का, आणि जहाजासाठी तिची वेगळी योजना आहे का, हे निघण्यापूर्वी विचारावे. महत्त्वाची देणी तर किनारा सोडण्याआधीच उरकून टाकावीत.

आता तुम्ही म्हणाल, हे वायफाय पूर्वी इतके मंद होते ते हल्ली एकदम सुधारले कसे? हा उपग्रहाच्या उंचीचा प्रताप. जुनी व्यवस्था विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, आपल्याला स्थिर भासणाऱ्या उपग्रहांवर चाले. प्रकाशाच्या वेगाने गेले तरी वर जाऊन खाली यावयास सेकंदाचा सुमारे पाव भाग लागतो. उत्तर यावयास आणखी तेवढाच. बोलताना दोघे एकाच वेळी तोंड उघडतात ते यामुळे. स्टारलिंकचे उपग्रह अवघ्या साडेपाचशे किलोमीटरांच्या आसपास फिरतात. उपग्रह डोक्यावर असताना तेथवर जाऊन यावयास सेकंदाच्या अडीचशेव्या भागाहूनही कमी वेळ पुरतो. रॉयल कॅरिबियन कंपनीने २०२२ च्या ऑगस्टात आपल्या सगळ्या जहाजांवर ही सेवा बसविण्याचे जाहीर केले, आणि इतर कंपन्याही त्या मार्गाने गेल्या. तरीही जहाजावरची हजारो माणसे तीच सेवा वाटून घेतात, हे विसरून चालणार नाही.

समुद्रावरून निरोप धाडण्याची हौस काही आजची नव्हे. 'टायटॅनिक' जहाजावरचे दोन बिनतारी तारायंत्रज्ञ मार्कोनी कंपनीचे नोकर होते, आणि प्रवाशांच्या खासगी तारा पाठविणे हे त्यांचे मोठे काम. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री साचलेल्या तारा केप रेसच्या केंद्राकडे पाठविण्यात ते गुंतले होते, आणि हिमनगांच्या सूचनांकडे पुरते लक्ष गेले नाही. जवळच्या 'कॅलिफोर्नियन' जहाजावरचा एकुलता यंत्रज्ञ तर यंत्र बंद करून झोपी गेला होता. परंतु त्याच यंत्राची हाक 'कार्पेथिया'ने ऐकली म्हणून सुमारे सातशे माणसे वाचली. या धड्यावरून १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि मोठ्या जहाजांवर अहोरात्र बिनतारी पहाऱ्याचा आग्रह धरला गेला. गंमत आणि गरज या दोन्हींना समुद्रावर एकच तार असते, असा या घटनेचा अर्थ.

ती गरज आपल्या लोकांनीही पाहिली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात करोनाच्या साथीमुळे अडकून पडले. जहाजावर ३,७११ माणसे होती. त्यांत शंभरांहून अधिक भारतीय कर्मचारी. त्यांच्यापैकी काहींनी आपल्या फोनवरून चित्रफिती पाठवून सरकारकडे मदत मागितली, आणि त्या सबंध देशाने पाहिल्या. केबिनच्या दाराबाहेर पडता येत नव्हते, पण त्यांचा आवाज बाहेर पडला.

म्हणून या विषयात सहलीच्या प्रवाशापेक्षाही मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या ताटात वाढणारा, त्याची खोली झाडणारा माणूस. गोव्यातली आणि कोकणातली कितीतरी तरुण मुले सहा-सहा, आठ-आठ महिने अशा जहाजांवर नोकरीला असतात. प्रवाशाची सहल आठवड्यात संपते; यांच्या घरी मूल जन्मते, आई आजारी पडते, आणि ते असतात समुद्रावर. नाविकांच्या श्रमांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात, जो भारताने २०१५ मध्ये मान्य केला, २०२२ मध्ये दुरुस्त्या झाल्या आणि त्या २३ डिसेंबर २०२४ पासून अमलात आल्या. नाविकांना घरच्यांशी संपर्क ठेवण्याचे साधन मिळावे, आणि त्यासाठी आकार घेतलाच तर तो वाजवी असावा, असे त्या सांगतात. घरी बोलता येणे ही चैन नसून कामाच्या अटींचा भाग आहे, हे जगाने उशिरा का होईना, मान्य केले, ही मोठीच गोष्ट म्हणावयाची.

शेवटी एक गोष्ट घरी राहणाऱ्यांसाठी. जहाजावर गेलेल्या माणसाशी आधीच ठरवून ठेवावे की निरोप रोज येणार नाही; तो अमुक बंदराला लागल्यावर येईल. जहाजाचे नाव, सफरीचा मार्ग आणि कंपनीचा तातडीचा नंबर कागदावर लिहून घरात ठेवावा. मग दोन दिवस फोनवर त्याच्या नावापुढे काहीच उमटले नाही, तरी मन भलतीकडे धावणार नाही. समुद्रावरची शांतता म्हणजे संकट नव्हे. बहुतेक वेळा ते नुसते दोन टॉवरांमधले पाणी असते.