हवालदारसाहेबांची राहिलेली पदके

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात १६ डिसेंबर रोजी, विजय दिनाच्या संध्याकाळी सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिव मला म्हणाले, "काका, वीस मिनिटं बोला. बँकेतले अनुभव सांगा." बँकेत मी ३४ वर्षं काढली. ते वीस मिनिटांत बसायचं नाही, आणि बसवलं तर तुम्हाला झोप येईल. म्हणून आजच्या दिवसाला धरून दुसरा विषय घेतलाय. आपल्या सी विंगमधले हवालदारसाहेब तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. २६ जानेवारीला झेंड्याची गाठ तेच बांधतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. आज त्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांची परवानगी घेऊन. "नाव घ्यायचं नाही," एवढी एकच अट त्यांनी घातली. आता सोसायटीत हवालदारसाहेब आहेतच एक, तेव्हा त्या अटीचा उपयोग किती, ते तुम्हीच ठरवा.

तीनेक वर्षांपूर्वी नोव्हेंबर महिन्यात ते पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आले. बायकोचं नाव पेन्शनच्या कागदांवर बरोबर लागलंय का, तेवढं बघा म्हणाले. मी सवयीने पहिल्या पानापासून बघायला लागलो. त्यात त्यांचं डिस्चार्ज बुक होतं. सैन्यातून निवृत्त होताना प्रत्येक जवानाला ते मिळतं. कधी भरती झाला, कुठला हुद्दा, कुठलं शिक्षण, कुठली पदकं, सगळं त्यात असतं. १९६८ साली भरती, १९८५ साली निवृत्ती. पदकांच्या रकान्यात तीन नावं होती. सैन्य सेवा मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आणि नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल.

मी विचारलं, "तुम्ही एकाहत्तरला बांगलादेशात गेला होतात ना?"

"गेलो होतो की."

"मग त्याचं मेडल इथं का नाही?"

"लिवलं नसंल. आता काय करायचं त्याचं?"

एवढं बोलून ते गप्प बसले. पण त्यांच्या मिसेस आतून माझ्या बायकोशी बोलता बोलता बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय करायचं कसं? मागं गावाकडं सत्कार झाला तवा हे मागं खुर्चीवर बसून होते." २०२१ साली त्या युद्धाला ५० वर्षं झाली, तेव्हा ठिकठिकाणी एकाहत्तरच्या सैनिकांचे सत्कार झाले. त्यांच्या गावाकडे कार्यक्रम झाला तो यादीवरून. यादी केली नोंदींवरून. ज्यांच्या कागदावर एकाहत्तरचं मेडल, त्यांना व्यासपीठावर शाल आणि नारळ. आमचे हवालदारसाहेब समोर बसून टाळ्या वाजवत होते. यात यादी करणाऱ्यांचा दोष नाही. त्यांच्यापुढे जो कागद आला, तो त्यांनी वाचला.

मुलांसाठी थोडं सांगतो. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. सुमारे ९३ हजार युद्धकैदी आपल्या हातात आले. आपल्या मराठी मुलखाचा यात मोठा वाटा आहे. जमालपूरची लढाई लढली ती मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, म्हणजे जंगी पलटणीने. ११ डिसेंबरला टांगाइलला आकाशातून उतरलेली २ पॅरा ही बटालियनसुद्धा मूळची मराठा पलटणच. जमालपूरकडून आलेल्या जंगी पलटणीने पुढे जाऊन त्यांच्याशी हातमिळवणी केली.

या युद्धासाठी सरकारने वेगवेगळी पदकं काढली. पूर्व आघाडीवर प्रत्यक्ष लढाईच्या क्षेत्रात होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडे होते त्यांना पश्चिमी स्टार. शिवाय संग्राम मेडल. ते ठरलेल्या राज्यांमध्ये ३ डिसेंबर १९७१ ते २० डिसेंबर १९७२ या काळात सेवा केलेल्यांसाठी. ही शौर्यपदकं नव्हेत, हे लक्षात घ्या. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र ही पराक्रमाची. पूर्वी स्टार म्हणजे "हा माणूस तिथे होता" एवढं सांगणारं पदक. त्याच्याबरोबर एक रुपयाही मिळत नाही.

मग खटाटोप कशाला, असं आपल्याच कट्ट्यावर मला दोघा-तिघांनी विचारलं. मी बँकेच्या भाषेत उत्तर दिलं. खात्यात शिल्लक आहे, पण पासबुकात नोंद नाही, तर तुम्ही गप्प बसाल का? हा मेहेरबानीचा अर्ज नाही. जे झालं ते लिहा, एवढीच मागणी आहे.

आता नोंद राहते कशी, ते सांगतो, कारण ते कळलं की निम्मं काम होतं. सैन्यात प्रत्येक युनिट 'पार्ट टू ऑर्डर' नावाचा आदेश काढतं. जवान रजेवर गेला, बढती झाली, लग्न झालं, मूल झालं, दुसऱ्या ठिकाणी पाठवला, सगळं त्यात छापलं जातं. तो कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तिथे जवानाच्या शीट रोलमध्ये त्याची नोंद होते. म्हणजे पार्ट टू ऑर्डर हे आपलं व्हाउचर आणि शीट रोल हे लेजर. व्हाउचर आलं नाही तर पोस्टिंग होत नाही, ही साधी गोष्ट.

हवालदारसाहेबांच्या बाबतीत तेच झालं असावं. ते पायदळाचे, पण १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना एका ब्रिगेड मुख्यालयाला तात्पुरतं जोडून दिलं होतं. गाड्यांच्या ताफ्याबरोबर रसद न्यायचं काम. मूळ पलटण एकीकडे, हा माणूस दुसरीकडे. पलटणीने आपल्या हजर माणसांची यादी पाठवली, तिकडे यांचं नाव नव्हतं. मुख्यालयाने आपल्या माणसांची पाठवली, हे तर पाहुणे! पदकं जाहीर होऊन नावं मागवायची वेळ आली तोवर बदली झाली होती. शिवाय आपल्याकडची नावं. भरतीच्या वेळी कारकुनाने इंग्रजीत जे स्पेलिंग लिहिलं ते आयुष्यभर चिकटतं, आणि एकाच पलटणीत एकाच नावाचे चार-चार जण. तिथे खरी ओळख म्हणजे आर्मी नंबर. त्याच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, आपल्या खाते क्रमांकातल्या तपासणीच्या आकड्यासारखं. अर्जात तेही लिहायचं असतं.

पहिला अर्ज आम्ही एक पानी केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं. नोंदी पाहता सदर पदकांची पात्रता दिसत नाही, सबब खेद आहे. हवालदारसाहेब म्हणाले, "बघा, मी म्हणलं नव्हतं?" मला मात्र ते पत्र बरं वाटलं. का सांगतो. 'नोंदी पाहता' म्हणजे नोंदी आहेत, आणि कुणीतरी त्या पाहिल्यात. मग त्या आम्हीही पाहू.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागितलं फक्त दोन गोष्टींचं. माझ्या शीट रोलची पूर्ण प्रत आणि ऑक्टोबर १९७१ ते डिसेंबर १९७२ या काळातल्या माझ्याबद्दलच्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती. लक्षात ठेवा, माहितीचा अधिकार नोंद दुरुस्त करत नाही, नोंद दाखवतो. "माझ्यावर अन्याय का झाला" असं त्यात विचारू नये. कागद मागावा.

शीट रोलची प्रत आली. आम्ही दोघांनी भिंग घेऊन माझ्या डायनिंग टेबलावर ती वाचली. झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धं पुसट. तिसऱ्या पानावर एक ओळ सापडली. ऑक्टोबर १९७१ पासून अमुक मुख्यालयाशी संलग्न, मार्च १९७२ मध्ये परत. त्यांच्याच लेजरमध्ये त्यांनीच लिहिलेली ओळ! ज्या मुख्यालयाशी हा माणूस जोडलेला, ते डिसेंबरमध्ये सरहद्दीपलीकडे होतं. पण पदकांचा रकाना भरणाऱ्याने ही ओळ पाहिली नव्हती, आणि ओळ लिहिणाऱ्याला पदकांशी देणंघेणं नव्हतं.

पुरावा म्हणून आणखी दोन गोष्टी जोडल्या. एक म्हणजे मनीऑर्डरचं कुपन. हवालदारसाहेबांच्या आईने देव्हाऱ्याच्या खणात ते जपून ठेवलं होतं. पाठवणाऱ्याचा पत्ता ९९ एपीओ, म्हणजे पूर्वेकडच्या फौजेचं टपाल. वर फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का, जानेवारी १९७२. रक्कम ४० रुपये. ती माउली लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण तिने कागद टाकला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांच्याबरोबर त्याच ताफ्यात असलेल्या एका सोबत्याचं प्रतिज्ञापत्र. ते शेजारच्या तालुक्यात राहतात.

दुसरा अर्जही एक पानीच. तक्रारीचा एक शब्द नाही. शीट रोलचं पान अमुक, ओळ अमुक, सोबत प्रत. त्यावरून पूर्वी स्टार आणि संग्राम मेडलची पात्रता तपासून पार्ट टू ऑर्डरने नोंद व्हावी, ही विनंती. प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला. मधे दोन स्मरणपत्रं, आणि एकदा तर फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कळायलाच पाच आठवडे गेले. पहिल्या अर्जापासून १४ महिन्यांनी पत्र आलं. दोन्ही पदकांची नोंद झाली आहे, पदकं उपलब्धतेनुसार पाठवली जातील. पदकांच्या वाटपात मोठा अनुशेष असतो, नोकरीतले जवानसुद्धा कित्येकदा बाजारातून विकत घेऊन लावतात. पदकं पुढे आठ महिन्यांनी आली. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं. हवालदारसाहेबांनी पाकीट उघडून पहिल्यांदा काय केलं असेल? चष्मा लावून नंबर तपासला.

इथे गोष्ट संपली असती तर फार बरं झालं असतं. पण ज्या सोबत्याने प्रतिज्ञापत्र दिलं, त्यांचं काय? तेही त्याच ताफ्यात, त्याच रस्त्याने गेलेले. घरच्या अडचणीमुळे त्यांनी नोकरी लवकर सोडली, पेन्शन लागली नाही. पेन्शन नसलेल्यांची कागदपत्रं सैन्यात ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. डिस्चार्ज बुक त्यांच्या घरी वाळवीने खाल्लं. त्यांच्यासाठीही आम्ही अर्ज केला. उत्तर आलं, अभिलेख उपलब्ध नाही. म्हणजे त्यांच्या साक्षीने दुसऱ्याची नोंद झाली, आणि त्यांची स्वतःची व्हायला कागद उरलेला नाही. हवालदारसाहेबांचा शीट रोल आणि त्यांचं प्रतिज्ञापत्र लावून पुन्हा अर्ज केलाय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले लोक मदत करताहेत. होईलच असं मी सांगू शकत नाही. गृहस्थ ७८ वर्षांचे आहेत.

म्हणून आज बोलायला उभा राहिलो. आपल्यापैकी निम्म्यांची गावं सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, रत्नागिरीकडची. प्रत्येकाच्या भावकीत कुणीतरी फौजी आहे. दिवाळीत गावी जाल तेव्हा त्यांची पत्र्याची पेटी उघडायला सांगा आणि एवढं बघा.

पहिलं, भानगड तीनपैकी कुठली आहे ते ठरवा. नोंदच नाही, नोंद आहे पण पदक हातात आलं नाही, की आलं होतं आणि हरवलं? तिन्हींचे अर्ज वेगळे. हरवलं असेल तर पोलिसांतली नोंद आणि प्रतिज्ञापत्र लागतं, नव्या पदकाची किंमतही भरावी लागते.

दुसरं, अर्ज योग्य रेकॉर्ड ऑफिसला जाऊ द्या. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला. नौसैनिकांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीला. पत्ता चुकला की सहा महिने गेले.

तिसरं, शीट रोल मागवला की पदकांच्या जोडीला बायकोचं नाव, जन्मतारीख, मुलांची नावं तपासा. हवालदारसाहेबांच्या फाइलमध्ये वहिनींचं माहेरचं नाव होतं! तेही याच वेळी दुरुस्त करून घेतलं. पदकाने पैसे मिळत नाहीत, पण बायकोचं नाव चुकलं तर उद्या कुटुंब पेन्शनसाठी त्या माउलीला हेलपाटे घालावे लागतात. ती दुरुस्तीही पार्ट टू ऑर्डरनेच होते.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं. माणूस हयात आहे तोवर करा. कुठल्या महिन्यात कुठे होतो, बरोबर कोण होतं, साहेब कोण होते, हे त्यालाच माहीत असतं. शीट रोलमधली ती पुसट ओळ मला वाचता आली नव्हती. ती हवालदारसाहेबांनी वाचली, कारण तिथे काय असायला हवं, ते त्यांना माहीत होतं.

आपल्या सोसायटीला २५ वर्षं झाली. इथला प्रत्येक ठराव मिनिट बुकात आहे, पाण्याच्या टाकीवरून झालेली भांडणंसुद्धा! मग १९७२ साली चाळीस रुपये पगारातून वाचवून आईला पाठवणाऱ्या माणसाची एक ओळ राहू नये, एवढंच माझं म्हणणं. कुणाला अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मी आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा, ए विंग, तळमजला. चहा मिळेल. येताना कागद मात्र मूळ आणा, मोबाइलवरचा फोटो चालणार नाही.

जय हिंद, जय महाराष्ट्र.